पाहुण्यासमोरचं ताट

दफेदार संताजीराव धायगुडे यांच्या घरून रिकाम्या पोटी परत गेलेला माणूस इंदुरात शोधून सापडला नसता. पोस्टमन, जनगणनेचा कारकून, रॉकेलवाला, पत्ता चुकून या गल्लीत शिरलेला एखादा वाटसरू, सगळे त्यांच्या ओसरीवर टेकलेले होते आणि काहीतरी पोटात घालूनच उठलेले होते. रॉकेलवाल्याने पुढे पुढे मागच्या गल्लीने जायला सुरुवात केली. संताजीरावांनी त्याला तिथे गाठून पोहे खायला घातले.

आग्रह करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पाहुणा "पुरे" म्हणाला म्हणून ते थांबत नसत, कारण त्यांच्या मते पुरे अनेक तऱ्हेचं असतं. एक पुरे लाजेचं, एक रीत म्हणून म्हणायचं, एक शेजारी बसलेल्या बायकोच्या धाकाचं, आणि एक खरोखरचं. खरोखरचं पुरे आपल्याला आवाजावरून कळतं असा त्यांचा दावा होता. ते कळून ते थांबलेत असं मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

होळकरांच्या रिसाल्यात त्यांची उमर गेली. मग राज्य विलीन झालं, मध्यभारत हे नवं राज्य झालं, रिसाला मोडला आणि घोडे कुठे कुठे गेले. संताजीरावांकडे एक साफा, एक तलवार, घरामागचा रिकामा तबेला आणि जेमतेम पेन्शन एवढं उरलं. इमली बाजाराच्या मागच्या त्या गल्लीत सगळी घरं रिसाल्यातल्याच माणसांची. कुणी सवार होता, कुणी घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, कुणी नाल ठोकणारा नालबंद. आता कुणी गिरणीत जात होता, कुणी कुठेच जात नव्हता. पण दफेदार गल्लीतून निघाले की ओट्यावरचा माणूस अजून उभा राहायचा. सरकार बदलल्याचं पत्र त्या गल्लीपर्यंत पोचलं नसावं.

मुलगा तुकोजी सचिवालयात कारकून. मध्यभारताची राजधानी उन्हाळ्यात इंदुरात आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायची, त्यामुळे तुकोजी फायलींच्या पेट्यांबरोबर हिवाळाभर ग्वाल्हेरला जायचा, आणि तिथल्या खानावळीचा खर्च वजा जाऊन घरी जे येई त्यात बरकत नसे. सून प्रेमलता गल्लीच्या तोंडावरच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. नात बेबी त्याच शाळेत पहिलीला. आणि संताजीरावांच्या पत्नी भानुमतीबाई. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही, असं संताजीरावांना वाटे. बाई फार देवभोळी होती. सोमवार, गुरुवार, संकष्टी, प्रदोष, शिवाय मधल्या वारी कधी एखादा जास्तीचा, असे घरात देवांपेक्षा उपास जास्त होते. दफेदारांना बायकोच्या या भक्तीचा अभिमान होता आणि तो ते चारचौघांत बोलूनही दाखवत.

त्या वर्षांत इंदुरात विद्येला भलतंच भरतं आलं होतं. नवी कॉलेजं निघाली होती, आणि कॉलेजात शिकणाऱ्यांना केवळ शिकून समाधान होत नव्हतं, त्यांना शोध लावायचा होता. शोध लावायला माणसं लागतात. माणसं दारावरून हाकलून लावतात. संताजीराव हाकलत नव्हते. ही बातमी विद्येच्या जगात लवकरच पसरली.

पहिले आले शेतकीवाले दिवाकर. त्यांना शहरातल्या तबेल्यांमागचे खताचे ढीग अभ्यासायचे होते. घोडे गेल्यावर त्या ढिगाचं आतल्या आत काय झालं, किती कुजलं, त्यात कोणते जीव आहेत, असा तो विषय. गुरुवारी येतो म्हणाले. संताजीरावांनी बुधवारी सूर्य मावळायच्या आत दोन गाड्या लावून तो सगळा ढीग शहराबाहेर पाठवला, जागा झाडली, शेणाने सारवली आणि सुनेकडून रांगोळी काढवली. घरी साहेब येणार आणि त्याला उकिरडा दाखवायचा, हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं. दिवाकर बराच वेळ रांगोळीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी दोन बशा पोहे खाल्ले आणि ते गेले.

त्यांच्यामागून ट्रेनिंग कॉलेजचे बाळकृष्ण आले. यांना मुलांची बुद्धी मोजायची होती. त्यांनी बेबीला समोर बसवलं आणि चित्रं दाखवली. एका चित्रात घोडा होता.

"बाळ, या घोड्याचं काय हरवलंय?"

घोड्याला शेपूट नव्हती. बेबीने तोंड उघडलं, पण त्याआधीच आजोबा वाकून चित्र बघू लागले होते.

"तंग ढिला आहे," संताजीराव म्हणाले. "रिकीब एकच दिसून राहिली. और ये देखो, मागचा उजवा पाय. हा घोडा लंगडतोय, साहब. याला चित्रात उभा कुणी केला?"

"दफेदारसाहेब, उत्तर मुलीने द्यायचं आहे."

"तीच देऊन राहिली आहे. मी फक्त बोलतोय."

बाळकृष्ण सज्जन होते आणि त्यांच्या बशीत तिसऱ्यांदा जिलबी पडली होती. त्यांनी ऐकू आलं ते लिहून घेतलं. हिशेबाअंती सहा वर्षांच्या बेबीचं बुद्धीचं वय बेचाळीस निघालं. ट्रेनिंग कॉलेजात याची बरीच चर्चा झाली म्हणतात. संताजीरावांनी पेढे वाटले.

इथवर कुणाचं काही बिघडलं नाही. खताचा ढीग गेला तो गेला, आणि बेबी पहिलीतच राहिली. बिघडलं ते पद्मजा आली तेव्हा.

पद्मजा मेडिकल कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. चष्मा, दोन वेण्या, आणि हातात पेटी. पेटीत तबकडीवर काटा फिरतो असला विलायती तराजू. वस्तीतली माणसं खातात काय आणि किती, याची पाहणी तिच्याकडे दिलेली. घरी जायचं, ताटात वाढलेलं सगळं तोलायचं, लिहायचं. कशासाठी, ते सांगायचं नाही. खरं कारण कळलं तर लोक मुद्दाम कमी खाऊन दाखवतील, असं तिच्या मोठ्या साहेबांचं शास्त्र होतं. मोठे साहेब इमली बाजारामागे कधी जेवले नव्हते.

शास्त्राप्रमाणे तिने न सांगता जायला हवं होतं, असंही कुणी म्हणेल. पण जेवणाच्या वेळेला न सांगता कुणाच्या दारात उभं राहू नये, हे पद्मजाला घरी शिकवलेलं होतं, आणि कॉलेजात त्याच्याविरुद्ध काही शिकवलेलं नव्हतं. म्हणून ती आदल्या दिवशी येऊन सांगून गेली, की उद्यापासून गल्लीतल्या घरांचं जेवण तोलणार, सुरुवात दफेदारांपासून.

ती वळली मात्र, संताजीरावांनी साफा बांधला आणि गल्लीत घरोघर गेले.

"कल से तराजू येऊन राहिला आहे," त्यांनी प्रत्येक दारात सांगितलं. "बाहेरची पोरगी आपल्या ताटात डोकावणार. गल्लीची लाज राखा."

गल्लीने लाज राखली. कशी राखली हे सांगण्यासारखं आहे. भानुमतीबाईंच्या भावाच्या इंदुराजवळच्या राऊ गावात म्हशी होत्या. त्याने दिवाळीला पाठवलेला तुपाचा डबा वर्षभर पुरवायचा म्हणून वर फळीवर ठेवलेला होता. तो खाली आला. आधी तो दफेदारांच्या घरी होता, मग शेजारी, मग समोर. पद्मजा एका घरातून निघून पुढच्या घराच्या उंबऱ्यावर चपला काढेपर्यंत डबा मागच्या दाराने आत पोचलेला असायचा. त्याच्याबरोबर दोन चांदीच्या वाट्या आणि एक चांगलं ताट हेही फिरत होतं. गल्लीतल्या सगळ्या घरांच्या तुपाला एकच वास आहे, असं पद्मजाच्या लक्षात आलं आणि तिने त्याचं कारण इथलं पाणी असावं, असं लिहिलं.

दफेदारांच्या घरी त्या दिवशी दाल, तुपात बुडवलेले बाफले आणि चुरम्याचे लाडू होते. पद्मजा ताट तोलायची, संताजीराव त्यात आणखी एक बाफला टाकायचे, ती पुन्हा तोलायची. शेवटी ती थकून भिंतीला टेकली, तर तिच्याही पुढ्यात ताट आलं.

"काका, मला नको. मी कामावर आहे."

"कामावर आहात म्हणूनच तर. आमच्या रिसाल्यात पहले घोडा खाई, फिर सवार. तुम्ही स्वतःला घोडा समजा, डॉक्टरीणबाई."

पद्मजाने स्वतःला काय समजलं ते कळायला मार्ग नाही, पण ती जेवली.

"काका, रोज असंच असतं का जेवण?"

"रोज मतलब," संताजीराव म्हणाले, "कभी लाडू, कभी जिलबी. माणसाने एकच एक खाऊ नये."

आत स्वयंपाकघरात भानुमतीबाईंच्या हातून पळी पडली.

"आणि काकूंचं ताट?"

"ती मागून जेवते."

"मग त्यांचं काय लिहू?"

"जे माझं तेच तिचं. घर एकच आहे ना?"

पद्मजाने तसं लिहिलं.

गल्लीतलं काम उरकून पद्मजा गेली, आणि काही आठवडे गेले. थंडी वाढली. तुपाचा डबा रिकामा होऊन परत फळीवर गेला. एक दिवस प्रेमलता शाळेतून आली ती चप्पल न काढताच ओसरीवर बसली. बेबीला आत पाठवलं आणि म्हणाली, "मामंजी, दुधाची लिस्ट आली."

परदेशातून दुधाच्या भुकटीची पिंपं आली होती आणि ती शाळाशाळांतून मुलांना पाजायची होती, हे संताजीरावांना ठाऊक होतं. आपल्या शाळेचा अर्ज प्रेमलतेनेच लिहिला होता. दिवाळीआधीपासून ती त्या दुधाबद्दल बोलत होती.

"मग? कधी येतंय?"

"नाही येत. जुन्या इंदुरात दिलं, परदेशीपुऱ्यात दिलं. आपल्याला नाही. बड्या बाईंना कारण कळवलंय. इथल्या वस्तीची पाहणी झाली, लोकांचं खाणं उत्तम आहे, तूप भरपूर आहे, दुधाची जरूर नाही."

"उत्तम म्हणाले?" संताजीराव ताठ झाले. क्षणभर त्यांना खरंच आनंद झाला. मग सुनेच्या तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं.

"मामंजी, ती पद्मजाबाई त्यासाठी आली होती."

संताजीराव सुनेसमोर ओसरीवर टेकले.

"आज प्रार्थनेत सगुणा पडली. पांडुरंगकाकांची नात. उभ्या उभ्या पडली. मी तिला घेऊन बसले, पाणी पाजलं, विचारलं, सकाळी काय खाल्लं? तर म्हणाली, तराजू आला होता त्या दिवशी लाडू खाल्ला होता." प्रेमलतेने आता कुठे पायातली चप्पल काढली. "मला विचारते, बाई, तराजू परत कधी येणार?"

पांडुरंग म्हणजे रिसाल्यातला नालबंद. त्याच्या घरी तुपाचा डबा घेऊन संताजीराव स्वतः गेले होते. पांडुरंग म्हणाला होता, "दफेदार, माझ्या घरात काय आहे ते तुम्हाला ठावं आहे. आहे ते तोलू द्या ना तिला." तेव्हा संताजीरावांनी त्याला चार गोष्टी सुनावल्या होत्या. तू होळकरांचा नालबंद आहेस, भिकारी नाहीस, असं काहीसं. पांडुरंगाने मान खाली घालून डबा घेतला होता.

त्या दिवशी संताजीराव जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी साफा बांधला, इस्त्रीचा कोट घातला आणि मेडिकल कॉलेजात गेले. रिसाला मोडल्याचा हुकूम ऐकायला गेले होते तेव्हाही ते वाटेत इतक्या वेळा थांबले नव्हते. पद्मजा व्हरांड्यात भेटली. तिने त्यांना बाकावर बसवलं आणि चहा मागवला, आणि समोरचा माणूस आपल्याला खाऊपिऊ घालतोय या गोष्टीने दफेदार आणखीच अवघडले.

"डॉक्टरीणबाई, तुमचा तराजू चांगला आहे ना?"

"हो, का?"

"नाही, सहज." त्यांनी चहा बशीत ओतला, परत कपात ओतला. "आमच्याकडे परत एकदा जेवायला यावं तुम्ही."

"काका, पाहणी झाली. कच्ची यादी निघाली, पक्का अहवाल लवकरच ग्वाल्हेरला जायचा आहे."

"तेच तर. जाण्याअगोदर यावं."

पद्मजाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ती हुशार मुलगी होती. फक्त तिला आजवर कुणी तूप लपवलेलं माहीत होतं, दाखवलेलं माहीत नव्हतं.

"काका, मी आले होते तेव्हा जे वाढलं, ते रोजचं नव्हतं का?"

संताजीरावांनी कपाकडे पाहत मान हलवली. तेवढी मान हलवायला त्यांना फार वेळ लागला.

"गल्लीत कुणाचंच?"

"एकच डबा होता," ते म्हणाले. "मी फिरवला. उन लोगों का कसूर नाही. हुकूम माझा होता."

एकाच वासाच्या तुपाबद्दल आणि इमली बाजाराच्या पाण्याबद्दल आपण काय लिहिलंय, ते पद्मजाला आठवलं असावं. मग ती म्हणाली, "एखादं घर पुन्हा तपासता येतं. त्यात फार फरक निघाला तर सगळी वस्ती पुन्हा तोलता येते. पण या वेळी मी सांगून येणार नाही."

"न सांगता?"

"कुठल्याही दिवशी. ऐन जेवणाच्या वेळी."

दफेदारांच्या आयुष्यात याहून वाईट गोष्ट कुणी त्यांना सुचवली नव्हती. "या," ते म्हणाले.

गल्लीत परत येऊन ते पुन्हा दारोदार गेले, या वेळी बिनसाफ्याचे. तराजू परत येईल तेव्हा चुलीवर असेल तेच ताटात असू द्या, उसनं काही आणू नका, असं सांगायचं होतं. लोकांना ते पटेना. एक म्हातारा सवार म्हणाला, "दफेदार, पहले बोले लाज राखो, अब बोलते लाज सोडो. आधी एक ठरवा ना." पांडुरंगाने मात्र उठून त्यांना बसायला पोतं दिलं.

"पांडुरंगा," संताजीराव म्हणाले, "त्या दिवशी मी चुकलो. तुझं बरोबर होतं." हे त्यांनी गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, कारण हळू बोलायची त्यांना सवय नव्हती. "पहिलं ताट माझं तोलतील. मग तुमचं."

नंतर वाट बघणं सुरू झालं. याचा त्रास भानुमतीबाईंनाच जास्त झाला. रोज सकाळी त्या चुलीसमोर बसून म्हणायच्या, "आज आली तर? निदान एखादी कोशिंबीर तरी करू द्या. पाहुण्यासमोर नुसती भाकरी कशी ठेवू मी?" आणि रोज संताजीराव "काही करू नकोस" म्हणून ओसरीवर जाऊन बसायचे. तिथे बसल्या बसल्या ते गल्लीच्या तोंडाकडे बघायचे. आयुष्यात प्रथमच कुणी येऊ नये असं त्यांना वाटत होतं, आणि कुणी यावं असंही वाटत होतं.

पद्मजा आली तेव्हा ते नुकतेच पाटावर बसले होते. ताटात रेशनच्या लाल ज्वारीच्या भाकरी, पाण्यासारखं वरण, लसणीची चटणी. ती दारात उभी राहिली. संताजीरावांचा हात सवयीने वर गेला, "या, बसा, अगं ताट घे" म्हणायला. तो त्यांनी मांडीवर आणून ठेवला.

"तोला," ते म्हणाले.

तिने तोललं. भाकरी वेगळी, वरण वेगळं. काटा थोडासा हलून थांबायचा आणि ती लिहायची. त्यात कुणी काही वाढलं नाही. "तूप?" तिने विचारलं. "नाही," संताजीराव म्हणाले. "दूध?" "चहापुरतं." "भाजी?" "बाजाराच्या दिवशी." प्रत्येक उत्तराला त्यांचे कान तापत होते, पण ते उत्तर देत राहिले. मग ते जेवले. ती बसून बघत होती आणि ते जेवले. हे त्यांना जमलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. हात धुऊन ते रोजच्यासारखे ओसरीवर तंबाखू मळायला निघाले.

"काका, थांबा," पद्मजा म्हणाली. "आता काकूंचं ताट."

"माझं मागून," भानुमतीबाई आतून म्हणाल्या.

"मी थांबते."

"मला आज उपास आहे."

"आज मंगळवार आहे, काकू."

"मंगळवारचाच आहे."

"मग उपासाचं तोलते."

भानुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. संताजीरावांनी नेहमीच्या धडाक्याने सांगितलं, "वाढून घे ना. सांगितलं होतं मी मागच्या खेपेला, जे माझं तेच तिचं. तोलू दे."

भानुमतीबाईंनी ताट घेतलं. टोपलीच्या तळाशी भाकरीचा एक तुकडा होता, बेबीने टाकलेला असावा, कारण त्याला दातांची खूण होती. तो त्यांनी घेतला. वरणाच्या भांड्यात पाणी घालून ते खरवडलं आणि वाटीत ओतलं. मीठ घेतलं. प्रेमलतेच्या संध्याकाळच्या दोन भाकरी फडक्यात बांधून ठेवलेल्या होत्या, त्यांना हात लावला नाही. ताट त्यांनी तराजूवर ठेवलं नाही, जमिनीवर ठेवलं आणि पदर सारखा करत मागे सरकल्या.

पद्मजाने तो तुकडा तराजूवर ठेवला. काटा हलला की नाही ते कळेना. तिने वाकून पाहिलं.

"पुन्हा तोला," संताजीराव म्हणाले.

तिने पुन्हा तोललं.

"तुमचा तराजू बिघडलाय, डॉक्टरीणबाई."

पद्मजाने पेटीतून वजन काढून तराजूवर ठेवलं. काटा बरोबर जिथे जायचा तिथे गेला. वजन काढलं, तुकडा ठेवला. काटा परत जागेवर.

"रोज असंच असतं का?" पद्मजाने विचारलं. मागच्या खेपेला तिने हाच प्रश्न विचारला होता.

"मला लागत नाही फार," भानुमतीबाई म्हणाल्या. "उपासाची सवय आहे."

संताजीराव उभे होते ते खाली बसले. सोमवार, गुरुवार, संकष्टी, प्रदोष आणि मधले जास्तीचे. रिसाला मोडल्याच्या वर्षापासून ते वाढत गेले होते, हे त्यांच्या आता लक्षात आलं. घोड्याने वैरण खाणं टाकलं तर तबेल्याच्या दारातून ओळखणारा हा माणूस. रोज ते ओसरीवर तंबाखू मळत असताना पलीकडे चुलीपाशी हेच ताट मांडलं जात होतं, आणि मध्ये फक्त एक भिंत होती. त्यांना रडू आलं, आणि बाहेरची पोरगी समोर बसलेली असताना ते रडले. गल्लीची लाज त्यांना या वेळी आठवली नाही.

"लिहा," ते पद्मजाला म्हणाले. "जे माझं ते तिचं, असं मी सांगितलं होतं ते खोडा. हे लिहा."

पुढे सगळी गल्ली पुन्हा तोलली गेली, या वेळी डब्याशिवाय. अहवाल उशिरा ग्वाल्हेरला गेला, आणि फाल्गुनात शाळेत दुधाच्या भुकटीचं पिंप आलं. ते दूध मुलांना आवडलं नाही. बेबीने त्याला खडूचा वास येतो म्हणून तोंड फिरवलं, आणि बेचाळीस वर्षांच्या बुद्धीला ते शोभलं नाही असं आजोबा म्हणाले. सगुणाने मात्र आपला पेला संपवून बेबीचाही संपवला.

पण ते नंतरचं. पद्मजा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भानुमतीबाईंनी ताट वाढलं आणि हाक मारली. संताजीराव आले, पण बसले नाहीत.

"तुझं वाढ."

"माझं मागून."

"मग माझंही मागून."

"आज डॉक्टरीणबाई येणार आहेत का?"

"नाही."

भाकऱ्या निवत चालल्या. दोघं उभीच. शेवटी संताजीरावांनी कोपऱ्यातला दुसरा पाट आणून मांडला आणि दुसरं ताट घेतलं. त्यावर त्यांनी भाकरी ठेवली, मग वरणाची पळी उचलली. इंदुरात निम्म्या लोकांना त्यांनी वाढलं होतं, पण या चुलीपाशी पळी तिरकी झाली आणि थोडं वरण जमिनीवर सांडलं. भानुमतीबाई पुसायला फडकं शोधू लागल्या. संताजीरावांनी त्यांना बसायला सांगितलं. त्या अंग चोरून, परक्या घरी जेवायला आल्यासारख्या बसल्या.

एक पळी वाढून झाली.

"पुरे," भानुमतीबाई म्हणाल्या.

पळी हातात धरून संताजीराव थांबले. पुरेच्या सगळ्या जाती त्यांना पाठ होत्या. पण भानुमतीबाईंवर पुरे म्हणायची वेळ आजवर कुणी आणली नव्हती, त्यामुळे हिचं पुरे कसं असतं ते त्यांना ऐकूनच माहीत नव्हतं. त्यांनी भानुमतीबाईंच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

मग आणखी एक पळी वाढली. भानुमतीबाई दुसऱ्यांदा पुरे म्हणाल्या नाहीत.